अक्का उभी राहिली का?

कौसाअक्का आमच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या आणि माल तपासायची त्यांची एकच पद्धत होती. त्या मालावर उभ्या राहायच्या. जमिनीवर दोन विटा हातभर अंतरावर ठेवायच्या, त्यांवर फळी आडवी टाकायची, लुगड्याचा घोळ वर खोवायचा, शेजारी जो असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दोन्ही पायांनी फळीवर चढायचं. चढल्यावर टाचेनं एक हिसका द्यायचा. फळी कुरकुरली तर चालत असे. कडकन वाजली तर ती बाद. अक्का अंगानं भरभक्कम होत्या, त्यामुळे हे सोपं माप नव्हतं.

"म्या उभी राहिले अन् फळी तगली, तर गिऱ्हाइकाचं लेकरू बी तगंल," असं त्या म्हणायच्या.

मी या संस्थेत सचिव म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ कॉमर्सची पदवी होती आणि बीडच्या एका पतपेढीतला थोडा अनुभव. वडवणीपासून आत आमचं गाव. सुतार आणि लोहार मिळून बावीस सभासदांची औद्योगिक सहकारी संस्था. बैलगाड्या, वखरं, पाट, चौरंग आणि पुढे बांधकामाला लागणारी सपाट दारं एवढा माल. अक्कांचे यजमान संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. ते गेल्यावर सभासदांनी अक्कांना अध्यक्ष केलं ते सहीपुरतं. त्यांना वाटलं, बाई सही करील आणि घरी जाईल. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये येऊन बसल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "हिशेब येतो का?"

"येतो."

"मग दोन विटा आना."

ही सवय कशी लागली, ते मला नंतर हमीदमामूंनी सांगितलं. हमीदमामू आमचे लोहार, अक्कांच्या यजमानांचे जुने सोबती. अक्का सून म्हणून गावात आल्या त्याच सुमारास संस्थेनं सिरसाळ्याच्या एका लग्नाला पाट दिले होते. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाखालचा पाट मधोमध फाटला. पुढं कितीतरी आठवडी बाजारांत लोक आमच्या माणसांना "पाट देताव का नवरदेव पाडताव?" म्हणून डिवचत होते. तेव्हापासून घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाटावर अक्का उभ्या राहू लागल्या. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं, मग तेच हाक मारू लागले, "सूनबाई, उभी राहा गं जरा."

मला आकड्यांची सवय. परीक्षा घ्यायची तर भार किती, हे लिहिलेलं असावं. मी एकदा म्हणालो, "अक्का, बाजार समितीत मोठा काटा आहे. एकदा वजन करून या. म्हणजे मालावर लिहिता येईल, इतक्या किलोला तपासलेला."

अक्कांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिक्रेटरी, म्या काय आडतीवरचं पोतं हाय का?"

हमीदमामू भात्याजवळून म्हणाले, "लिखो ना, एक अक्का. किलो बिलो कायकू?"

तो विषय तिथं बंद झाला. वर्षातून एकदा मी तो काढायचो आणि वर्षातून एकदा मला तेच उत्तर मिळायचं.

मग चारा छावण्यांचं वर्ष आलं. आदल्या वर्षीही पाऊस नव्हताच. विहिरी आटल्या, कालव्याला पाण्याची पाळी सुटली नाही, गावाला टँकर सुरू झाला. ज्याचे बैल छावणीत, तो गाडी कशाला करील आणि वखराला नवं पातं कशाला बसवील? घरबांधणीही थांबली, म्हणजे दारंही थांबली. शेडमध्ये काम उरलं नाही. आमच्या सभासदांपैकी काहीजण आधीही हंगामाला ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी मुकादमाचा माणूस दसऱ्याच्या आधीच गावात फिरू लागला आणि बावीसपैकी बहुतेक घरांत कोयते बाहेर निघाले. कसबाचा माणूस एकदा फडावर गेला की दरवर्षी जातो, हे आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. तिथलं शेड आता कडब्याला वापरतात.

अशा वेळी पुण्याहून मकरंद आला. तो आमच्याकडून पूर्वी पोळपाट-लाटणी नेऊन विकायचा. तिशीतला, बोलका, एका पायात किंचित लंगडणारा. पिशवीतून त्यानं चार चाकांची एक फळी काढली. पोरं तिच्यावर उभी राहून पळवतात, शहरात याला मोठी मागणी आहे, सगळा माल बाहेरून येतो, चाकं आणि आस मी आणतो, फळी तुम्ही करा, असं त्यानं सांगितलं. सात पातळ पापुद्रे एकावर एक सरसानं चिकटवून दाबायचे. आमच्याकडं दारं दाबायचा स्क्रूचा प्रेस होता. काम आमच्या हातचं होतं. त्यानं नमुन्याची एक कोरी फळी ठेवली, पापुद्र्यांचे गठ्ठे पाठवतो म्हणाला आणि दोनशे फळ्यांची मागणी नोंदवून गेला.

अक्कांनी सभा बोलावली. "हंगामाला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "हे काम हाय. माझा शब्द हाय."

एवढ्या शब्दावर माणसं थांबली. अक्कांचा स्वतःचा मुलगा बाळू मात्र थांबला नाही. "आई, खेळण्यावर घर चालत न्हाई," म्हणाला. अक्कांनी त्याला अडवलं नाही. त्याच्या बायकोला बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या आणि ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर शेडमध्ये आल्या.

आता चूक सांगतो. ती आमच्यासारख्या माणसांनीच करावी अशी होती. नमुन्याची फळी सरळ नव्हती. दोन्ही टोकं वर उचललेली आणि मध्ये आडवा हलका खोलगट बाक. सुताराच्या नजरेला वाकडी फळी म्हणजे बिघडलेली फळी. उन्हात राहिली, ओल लागली, घाईत प्रेसमधून काढली, असंच आम्हाला वाटलं. अक्कांनी ती हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाल्या, "बिचाऱ्याला कुनीतरी फसिवलंय. आपून वाकडा माल देत न्हाई."

आम्ही ती फळी सरळ करायला लोखंडी ऐरणीखाली ठेवली. ऐरण काढली की फळी पुन्हा होती तशी. दगड ठेवले, पुन्हा तेच. "लई जिद्दी लाकूड हाय," म्हणून आम्ही तिला कोपऱ्यात टाकली आणि दोनशे फळ्या सरळसोट, आरशासारख्या सपाट केल्या. अक्का प्रत्येकीवर उभ्या राहिल्या. एकही वाजली नाही. टेम्पो भरताना शेडमध्ये सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी फार दिवसांनी पाहिलं.

टेम्पो भरलेलाच परत आला. पाठोपाठ मकरंद. तो चिडला नव्हता, खचला होता. तो अक्कांना म्हणाला, "चला, दाखवतो."

गावाबाहेर कालवा होता, कोरडा ठणठणीत. दोन्ही बाजूंना सिमेंटचे उतार आणि खाली सपाट तळ. अक्का काठावर बसल्या. आम्ही त्यांच्यामागं उभे राहिलो. मकरंदनं आमच्या फळीला चाकं लावली, उतारावरून खाली आला आणि तळाशी मागच्या टोकावर पाय मारला. फळी हललीच नाही. दुसऱ्या वेळी वळताना त्याचा पाय सरकला आणि तो गुडघ्यावर आपटला.

अक्कांनी वरून विचारलं, "तू पडलास का आमच्या फळीनं पाडलं?"

मकरंद गुडघा चोळत म्हणाला, "फळीनं पाडलं, अक्का."

मग त्यानं कोपऱ्यातली ती जिद्दी फळी मागवली, तिला चाकं लावली आणि पुन्हा खाली आला. मागच्या टोकावर पाय मारताच फळी त्याच्या पायाला चिकटल्यासारखी हवेत उठली आणि त्याला घेऊन पुन्हा चाकांवर उतरली. खोलगट बाकात पाय धरून तो या उतारावरून त्या उतारावर झुलत राहिला. हमीदमामू हळूच म्हणाले, "या अल्ला, टेढी थी इसलिए सीधी चली."

घरी जाताना वाटेत अक्का एकदाच म्हणाल्या, "बाक दिसला मला. त्याचं काम दिसलं न्हाई."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांनी हेच सगळ्यांसमोर सांगितलं. मुकादमाचा शेवटचा ट्रॅक्टर अजून जायचा होता. "तुमी माझ्या शब्दानं थांबलाव, अन् चूक माझी झाली. ज्याला जायचं त्यानं आज जावं, म्या वाईट वाटून घेनार न्हाई. आल्यावर त्याची जागा हितंच हाय. म्या मातर वाकडी फळी करून दाखविल्याबिगर उठनार न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "अन् न्हाई जमली तर?"

"तर सरळ करायची सवय हायच की," अक्का म्हणाल्या. माणसं हसली. तरी सात घरं त्या संध्याकाळी गेली. उरलेली का थांबली, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. मला वाटतं, चूक कबूल करणारा अध्यक्ष त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

परत आलेल्या सपाट फळ्या वाया गेल्या नाहीत. त्यांचे अक्कांनी पाट करवले. आमच्या भागातल्या लग्नांत आजही कुठं पाट उचलून पाहिला की पाठीमागं चाकांसाठी पाडलेली भोकं दिसतात.

आता प्रश्न साच्याचा होता. सात पापुद्रे सरस ओला असताना बाकदार साच्यात दाबले तरच बाक कायमचा बसतो. मोठ्या कारखान्यात धातूचे साचे असतात. ते आमच्या आवाक्यात नव्हते. अक्कांनी कोपऱ्यातली जिद्दी फळी मागवली, तिला तेल चोपडलं आणि म्हणाल्या, "जी ऐरनीला बदली न्हाई ती सिमेटाला काय बदलती? हिच्यावरच ओता." फळीच्या खालून एक आणि वरून एक, असा सिमेंटचा दोन भागांचा साचा ओतायचा ठरलं.

सिमेंट ओतणं सोपं. त्यानंतर त्याला पाणी पाजत राहावं लागतं, नाहीतर ते तडकतं. त्या दिवसांत टँकर दिवसाआड यायचा आणि घागरींच्या रांगेवरून भांडणं व्हायची. मी अक्कांना स्पष्ट सांगितलं, "गावात माणसांना प्यायला पुरत नाही. साच्याला पाणी कोण देईल?"

"इचारलंय का कुनाला?"

"नाही."

"मग न्हाई कावून मनताव?"

त्या स्वतः थांबलेल्या प्रत्येक घरी गेल्या. मी सोबत होतो. अक्का दारात उभं राहून एकच वाक्य म्हणायच्या, "टँकर आला की अर्धी घागर साच्याला द्या." एका घरी सुनेनं तोंडावर सांगितलं, "अक्का, लेकराला अंघोळ न्हाई चार दिस झाले, अन् तुमच्या दगडाला पानी?" अक्कांनी मान हलवली. "बरोबर बोललीस. तू देऊ नको." आणि पुढच्या घराकडं निघाल्या. संध्याकाळी तीच सून घागर घेऊन शेडमध्ये आली. तिनं अर्धीपेक्षा थोडी कमीच ओतली आणि म्हणाली, "येवडंच." अक्का म्हणाल्या, "लई झालं."

साचा ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवला होता. अक्का दिवसभर त्याच्याजवळ बसून गोणपाट चाचपायच्या, बाळंतिणीच्या खोलीत बसावं तशा. कोरडं लागलं की ओंजळीनं पाणी शिंपडायच्या. घागर उलटी करून ओतू द्यायच्या नाहीत. साचा उघडला तेव्हा एकही तडा नव्हता.

तरी पहिल्या फळ्या बाद झाल्या. त्या वर्षीच्या कोरड्या हवेत सरस लावता लावता सुकायचा आणि पापुद्रे सुटायचे. मग दिवस उजाडताच, ऊन चढायच्या आत, सरस लावून फळी साच्यात घालायची असं ठरलं. हमीदमामूंनी साचा आवळायला जुन्या गाड्यांच्या धावांतून, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांतून, शिकंजे केले. ते आवळताना ते म्हणायचे, "बाक निकालने को बैठे थे, अब बाक डालने को बैठे. अक्का, आपका क्या भरोसा?" अक्का म्हणायच्या, "मामू, हात चालवा. तोंडानं शिकंजा आवळत न्हाई."

पहिली धड फळी निघाली तेव्हा अक्कांनी विटा मागवल्या. चढल्या. टाचेनं हिसका दिला. फळी एकदाच लांब कुरकुरली, वाकली आणि अक्का उतरल्याबरोबर पुन्हा आपल्या जागी आली. ती फळी आम्ही विकली नाही. कचेरीच्या दारावर टांगली.

दोनशे फळ्या पुऱ्या व्हायला हंगाम जवळजवळ संपला. मकरंदनं त्या कालव्यात स्वतः चालवून पाहिल्या आणि नेल्या. या वेळी टेम्पो रिकामा परत आला, पुढची मागणी घेऊन. ऊसतोडीहून सातही घरं परतली आणि त्यांना त्यांची जागा मिळाली. बाळूही आला. सकाळी उजाडताच शेडमध्ये येऊन सरसाचं डबडं हातात घेतलं. अक्कांनी त्याच्या हातातलं डबडं काढून घेऊन कसं धरायचं ते दाखवलं.

गावात या वस्तूला धावफळी म्हणू लागले होते. तेच नाव आम्ही मालावर घातलं. पुढं चाकांचे आसही इथंच होऊ लागले. आमच्या फळ्या पुण्याला गेल्या, मग बेंगळुरूला, मग गोव्याला. धंदा दिसू लागला तसा एक मोठा भांडवलदार मकरंदच्या ओळखीनं आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. नाव आणि साचे द्या, कारखाना पुण्याजवळ हलवू, तुमच्या सगळ्या माणसांना तिथं कामावर घेऊ. प्रस्ताव वाईट नव्हता. मी त्याचे फायदे कागदावर मांडून सभेत वाचले, कारण ते माझं काम होतं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. पाहुण्याला चहा दिला. मग म्हणाल्या, "सायेब, आमी सालोसाल कामाच्या मागं गेलताव. बैलगाडीत बसून गेलताव, ट्रकात बसून गेलताव. आता काम आमच्या गावात आलंय. तुमी मनताव, त्याला उचलून तिकडं नेतो, तुमी बी मागं या. मग कोयता जाऊन फळी आली, येवडाच फरक की."

पाहुणा म्हणाला, "पण इथं पाणी नाही, बाई."

"म्हाईत हाय," अक्का म्हणाल्या. "साच्याला आमीच पाजलंय."

ठराव नामंजूर झाला. मीही विरोधात हात वर केला.

पुढं चांगली वर्षं आली, कालव्याला पाणी आलं, मकरंदला फळ्या तपासायला शाळेमागचा चौथरा शोधावा लागला. अक्कांना मात्र साखरेनं धरलं. त्या वाळू लागल्या. लुगडं अंगावर सैल दिसायला लागलं. विटांवर चढायला दोन खांदे लागू लागले, तरी त्या रोज चढत होत्या. आम्हाला दिसत होतं, पण बोलायचं कुणी?

एके दिवशी पुण्याहून एक फळी परत आली. मधोमध मोडलेली. चालवणाऱ्या मुलीचा हात दुखावला होता. फार मोठं काही झालं नव्हतं. अक्कांनी तुकडे मांडीवर घेतले. पापुद्र्यांत एका ठिकाणी सरस पोचलाच नव्हता. कुणाच्याही बोटाला लागावं असं.

"ही माझ्या पायाखालून गेलती?"

"गेली होती," मी म्हणालो.

बाळू म्हणाला, "आई, सरस म्या लावलाता. चूक माझी हाय."

"सरस तुझा. पर धरायचं काम माझं होतं." त्यांनी तुकडे खाली ठेवले. "ही वाजाया पायजे होती. वाजली न्हाई, कारन म्या हलकी झाले."

शेडमध्ये यंत्रं चालू होती, ती एकेक बंद झाली. अक्का म्हणाल्या, "बाळू, एक रिकामं पोतं आन. अन् वाळू. शिक्रेटरी, ती दारावरची फळी काढा."

तीच ती पहिली फळी. दोन विटांवर ती ठेवली. अक्का शेजारी पाटावर बसल्या, डोळे मिटले. बाळूनं पोतं फळीवर उभं धरलं आणि मी घमेल्यानं वाळू ओतू लागलो. थोड्या थोड्या वेळानं अक्का म्हणायच्या, "हलवा." बाळू पोत्याला हिसका द्यायचा. फळी गप्प.

"अजून."

पुन्हा वाळू, पुन्हा हिसका. फळी जराशी चिरकली.

"न्हाई. अजून."

हमीदमामू, जे आता थकून घरीच असायचे, काठी टेकत येऊन उभे राहिले होते. पोतं फुगत चाललं. मग एकदा बाळूनं हिसका दिला आणि फळी लांब, खोल आवाजात कुरकुरली. त्या दिवशी कुरकुरली होती तशीच. अक्कांनी डोळे न उघडता हात वर केला.

"बास. ही मी."

हमीदमामूंनी तोंड फिरवलं. बाळू पोत्याला धरून तसाच उभा होता. मी सुतळीनं पोत्याचं तोंड शिवलं. मग माझी जुनी सवय मला स्वस्थ बसू देईना. आता संस्थेचा स्वतःचा काटा होता. पोतं त्यावर चढवलं.

अक्का हसल्या. "शेवटी तोललंच मला, शिक्रेटरी."

"लिहावं लागेल, अक्का."

"लिव्हा. मोठ्यानं वाचू नका."

त्यानंतर त्या विटांवर चढल्या नाहीत. रोज शेडमध्ये यायच्या, पोत्याजवळ बसायच्या आणि पोतं फळीवर उतरताना कान देऊन ऐकायच्या. दिवाळीनंतर त्या गेल्या. कपिलधारच्या यात्रेला त्यांना एकदा जाऊन यायचं होतं, ते राहून गेलं. कामाच्या दिवसांत वेळ काढला नाही आणि मग अंगात त्राण उरलं नाही.

पोतं शेडमध्ये कप्पीला टांगलेलं आहे. दोन माणसं दोर सैल करतात, ते फळीवर उतरतं, एक हिसका, की वर. गोणपाटातून वाळू झिरपते, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी ते काट्यावर ठेवतो आणि कमी भरलं तर ओंजळभर वाळू घालून पुन्हा शिवतो. आकडा मला पाठ आहे, पण इथं लिहीत नाही. आता बाळू अध्यक्ष आहे. संध्याकाळी माल भरताना तो टेम्पोच्या फाळक्याला हात लावून उभा राहतो आणि आत हाक मारतो,

"अक्का उभी राहिली का?"

आतून कुणीतरी म्हणतं, "राहिली."

मग तो फाळका लावतो.